एक कन्या कमी

मी भित्रा बाप आहे, हे आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. शाळेची व्हॅन पाच मिनिटं उशिरा आली की मी गेटबाहेर उभा असतो. पाऊस संपून आश्विन लागला की जबलपुरात डेंगूचे डास होतात, म्हणून दोघी मुलींना मी उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लावतो आणि कूलरची रिकामी टाकीसुद्धा टॉर्च मारून पाहतो. बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणते, "दिवसभर वॉर्डात खरे पेशंट पाहून येते, अन् घरी येऊन तुम्हाला पाहा लागते."

तरी त्या नवमीला मुलींना घराबाहेर सोडलं ते मीच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायची सोय नाही.

इकडे नवरात्रात अष्टमी-नवमीला कन्याभोजन असतं. दहा वर्षांच्या आतल्या नऊ मुली घरी बोलावतात, परातीत त्यांचे पाय धुतात, कुंकू लावतात, डोक्यावर लाल चुनरी टाकतात आणि पुरी, काळे चणे, शिरा वाढतात. जाताना हातात काहीतरी देतात, कुणी रुमाल, कुणी पेन्सिलचा डबा. अडचण एवढीच की गल्लीत तेवढ्या मुली नसतात. आमच्या गल्लीत घरं तीसेक आणि या वयाच्या मुली मोजून अकरा. त्यामुळे सकाळपासून मुलींची अशी पळवापळवी चालते की विचारू नका. एका घरच्या मुली हात धुताहेत तोवर पुढच्या घरची बाई दारात येऊन उभी. एरवी मुलगी झाली म्हणून नाक मुरडणारी माणसंही त्या दिवशी 'एक कन्या मिळेल का' करत दारोदार फिरतात. मला त्याचं हसू यायचं, आणि थोडा रागही.

आम्ही बौद्ध. आजोबा भंडाऱ्याकडून कामधंद्यासाठी इकडे आले, वडील इथेच जन्मले, मीही. आमच्याकडे घट बसत नाहीत. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, संध्याकाळी खीर होते. म्हणजे हे कन्याभोजन आमचं नव्हे. पण धाकटी सहा वर्षांची आहे, मोठी नऊ, आणि त्यांच्या सगळ्या मैत्रिणी नटूनथटून निघालेल्या. बायको आदल्या दिवशीच म्हणाली होती, "जाऊ द्या. पोरींना पुरी खायची हाय, त्यात धर्म कुठून आला?" सकाळची ड्यूटी होती, ती सहालाच निघून गेली. मला सुट्टी होती.

साडेआठला शेजारच्या अम्माजी गेटशी आल्या. साठीच्या, गुडघ्यांनी अधू, सगळी गल्ली त्यांना अम्माजीच म्हणते. "भैया, दोनों को भेज दीजिए, सबसे पहले हमारे यहाँ." मी हो म्हणालो. धाकटीनं पिवळा फ्रॉक घातला होता, पाठीमागे नाडी बांधायचा. ती नाडी मीच बांधली. आरशात पाहून ती म्हणाली, "बाबा, ढीली आहे." मी पुन्हा बांधली. दोघी हातात हात घालून गेल्या आणि मी निवांत पेपर उघडला. खरंच निवांत. भित्र्या माणसाला कधीतरी असं वाटतं की आज काही होणार नाही, आणि नेमकं त्याच दिवशी होतं.

अकराच्या सुमारास मोठी आली. कपाळभर कुंकू, हातात दोन रुमाल, एक पेन्सिलचा डबा आणि एक स्टीलची वाटी. येताच पंख्याखाली आडवी झाली. "पेट फटून राहिलं बाबा," म्हणाली.

मी विचारलं, "धाकटी कुठं हाय?"

"आली नाही?"

"तुझ्यासोबत होती ना?"

ती उठून बसली. मग तिनं सांगितलं ते असं. चौथ्या घरी जेवणं उरकत आली होती तेव्हा मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिच्याकडे आठच मुली जमल्या होत्या, एक कन्या कमी पडत होती. मोठीचं पोट भरलं होतं, ती नको म्हणाली. धाकटी लगेच उठली, कारण त्या बाईकडे रंगपेट्या वाटत आहेत असं कुणीतरी म्हटलं होतं. घरची बाई म्हणाली, ले जाओ, बाद में छोड़ देना. ती बाई म्हणाली, हाँ हाँ. झालं. दोन घरांमध्ये माझी मुलगी हळदीकुंकवाच्या वाटीसारखी इकडून तिकडे गेली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कोणती बाई?"

"लाल साडीवाली."

त्या दिवशी अख्ख्या गढ्यात, जबलपूरच्या आमच्या या भागात, लाल साडी नेसली नाही अशी बाई सापडली नसती. तिला अम्माजींकडे बसवलं आणि चप्पल अडकवून निघालो.

चौथ्या घरची बाई हसतमुखानं बाहेर आली. हो, छोटी गेली ना मागच्या गल्लीत, अहो तिथंच असेल. मागच्या गल्लीत तिसऱ्या दारात ते घर सापडलं. अंगणात ओल्या पावलांचे ठसे होते, पत्रावळी गोळा करून ठेवल्या होत्या. तिथली लाल साडीवाली म्हणाली, "पीली फ्रॉक वाली ना? बड़ी प्यारी बच्ची है. वो तो खा के गई."

"कहाँ गई?"

"दीदी ले गईं. कोने वाली. उनके यहाँ दो कम थीं."

कोपऱ्यावरच्या दीदींच्या घराला कुलूप होतं. समोरच्या पानाच्या दुकानदारानं सांगितलं की त्या जवारे घेऊन तळ्याकडे गेल्या.

जवारे म्हणजे नवरात्रात मातीच्या भांड्यांत उगवलेले गव्हाचे कोंब. नवमीला बाया ते डोक्यावर घेऊन, ढोलकीच्या तालावर गात तळ्यात शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, नेतात. लहान पोरं मागेमागे जातात. गढ्यात तळी किती आहेत ते इथं राहणाऱ्यालाच माहीत, आणि या दिवसांत त्यांत शिंगाड्याचे वेल असे पसरलेले असतात की वरून पाहिलं तर हिरवं गवत वाटावं. सहा वर्षांच्या मुलीला तर नक्कीच वाटेल. तिला पोहता येत नाही. मलाही येत नाही.

मी पळालो. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस चप्पल फटफटवत भर रस्त्यानं पळतो तेव्हा लोक बाजूला होतात आणि हसतात. वाटेत मनात काय काय आलं ते लिहायला आजही हात धजत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खरं आहे. पिवळा रंग मला जिथं तिथं दिसत होता. झेंडूच्या हारात, कुणाच्या ओढणीत, एका रिक्षाच्या मागच्या पडद्यात. दर वेळी जीव वर येई आणि पुन्हा खाली जाई.

तळ्याच्या पायऱ्यांवर बायांची गर्दी होती. मी एकेका मुलीचं तोंड पाहत पुढे गेलो. एका बाईनं मला दटावलं, बायांच्या घोळक्यात कुठं घुसताय. मी म्हणालो, माझी मुलगी हरवली आहे. ते वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला. घोळका फाकला. कोपऱ्यावरच्या दीदी त्यातच होत्या, डोक्यावर रिकामं भांडं. त्या घाबरल्या. म्हणाल्या, त्यांच्या घरी जेवून सगळ्या मुली एकदमच बाहेर पडल्या, कुणाची आई आली, कुणाची मावशी आली. पिवळ्या फ्रॉकवालीलाही कुणीतरी नेलंच असणार. "हमने सोचा आप लोगों में से कोई होगा."

आप लोगों में से. त्यांना माझ्या घरातलं कोणी असंच म्हणायचं होतं. मला ते त्या क्षणीही वेगळं ऐकू आलं, यावरून माझं डोकं कसं चालतं ते समजावं.

पाण्यात दोन माणसं डोंगीतून शिंगाडे काढत होती. मी काठावरून ओरडून विचारलं, लहान मुलगी दिसली का? त्यांनी माना हलवल्या. एकानं बांबू पाण्यात खोचून पाहिला, उगीच, माझ्या समाधानासाठी. तो बांबू वर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता. तिला दुपारी एकदा मुलींची चौकशी करायची सवय आहे. मी फोन हातात धरून उभा राहिलो आणि तो वाजू दिला. उचलला असता तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. मी इतका घाबरट आहे.

परतताना माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. पळताना आली नव्हती, आता चालताना आली, आणि मी रस्त्यात थांबलोच. धाकटी हरवली असेल, कुणा भल्या माणसाच्या घरी बसली असेल, तर तो पहिल्यांदा काय विचारेल? बेटा, नाव काय, पप्पांचं नाव काय, घर कुठं. आणि ती काय सांगेल ते मला ठाऊक होतं. काहीही सांगणार नाही. मी तसं शिकवलं होतं.

याचं कारण जुनं आहे. मी पाच वर्षांचा असताना आम्ही जबलपूरच्याच घमापुरात राहायचो. माझी ताई आठची. आमच्या गल्लीत आमचेच लोक जास्त, पण पलीकडच्या रस्त्यावर एका बाईला कन्या कमी पडल्या म्हणून ताईला बोलावलं. मी तिचं बोट धरून गेलो. तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, पान वाढलं. मग एका म्हाताऱ्यानं तिला आडनाव विचारलं. ताईनं सांगितलं, शाळेत हजेरीला सांगतात तसं, खणखणीत. त्यानंतर कुणी रागावलं नाही की ओरडलं नाही. बाईनं ताईला हाताला न धरता, नुसत्या खुणेनं पंगतीतून उठवलं, दोन पुऱ्या कागदात गुंडाळून गेटाबाहेर कठड्यावर ठेवल्या आणि म्हणाली, घर जाके खा लेना. ताई ते पुडकं घेऊन घरी आली आणि आईला म्हणाली, मला भूक नव्हती. मी काही बोललो नाही. ताई आता पन्नाशीकडे आली आहे, आम्ही त्याबद्दल कधीही बोललेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही इकडे घर घेतलं तेव्हा गेटवर मी नावाची पाटी लावली नाही, नुसता घराचा नंबर. कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात मी गेलो नाही. आणि मुलींना बसवून सांगितलं की बाहेर कुणी आडनाव विचारलं, पप्पांचं नाव विचारलं, घर विचारलं, तर सांगायचं नाही. गोड बोलून विचारलं तरी नाही. देवाची शपथ घालून विचारलं तरी नाही. अनोळखी माणसाला नाव-पत्ता सांगू नये असं शाळेतही शिकवतात, त्या आडोशाला मी माझी भीती लपवली. बायको तेव्हा म्हणाली होती, "काहून शिकवून राहिले असं? शाळेच्या रजिस्टरात तर लिहिलंच हाय." मी तिच्यावर खेकसलो होतो. मोठी ते ऐकून विसरली. धाकटीनं मात्र दोनदा विचारून खात्री करून घेतली होती: पोलिसांनी विचारलं तर? मॅडमनं विचारलं तर? ती तशीच आहे, सांगितलेलं पाळणारी.

म्हणजे ती कुठंतरी गप्प बसली होती, आणि तिचं ते गप्प बसणं माझं होतं.

गल्लीत पोचलो तर अम्माजी गेटाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या, मोठी त्यांच्या मांडीला चिकटून. तिचं रडून तोंड सुजलं होतं. अम्माजींच्या सुनेनं धाकटीचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता. मोठीनं तो माझ्या टॅबमधून काढून दिला. पण नवमीच्या दिवशी ग्रुपवर जो तो 'जय माता दी' टाकत होता, हात जोडल्याची चित्रं, सिंहाची चित्रं, आणि फोटो पाहता पाहता त्यांच्याखाली दबून गेला होता. सून पुन्हा टाकत होती, तो पुन्हा दबत होता.

"थाने जाना है तो चले जाओ," अम्माजी म्हणाल्या, "पर पहले पंडाल के माइक से बुलवाओ. माइक पूरे मोहल्ले में सुनाई देता है. हमको भी ले चलो."

त्यांचे गुडघे पाहता मी नको म्हणालो. त्या ऐकेनात. सुनेनं त्यांना स्कूटीवर बसवून मंडपापर्यंत नेलं. मी आणि मोठी चालत गेलो. मोठी माझ्या बोटाला इतकी घट्ट धरून होती की बोट पांढरं पडलं. वाटेत ती एकदाच बोलली. "बाबा, मला नाही जायचं होतं म्हणून ती गेली. माझ्यामुळे झालं ना?" मी म्हणालो, नाही बेटा. कुणामुळे झालं ते मला माहीत होतं, पण ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मंडपात हवन चालू होतं. धुरानं डोळे चुरचुरत होते. माइकवर समितीचे एक वयस्क गृहस्थ होते, गळ्यात गमछा, हातात सूचनांचा कागद. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पेन काढलं. "घबराइए मत. बच्ची का पूरा नाम?"

मी तिचं नाव सांगितलं. नुसतं नाव.

"पिता का नाम?"

मी माझं नाव सांगितलं. नुसतं नाव.

त्यांनी पेन तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. पुढं काही येईल म्हणून ते थांबले होते. मी कागदाकडे पाहत राहिलो. माझी मुलगी दोन तास बेपत्ता होती, मी तळ्याच्या काठावरून परत आलो होतो, आणि तरीही आडनावाची ती तीन अक्षरं माझ्या तोंडातून निघेनात. मला माझी लाज वाटली. पण लाजेनंही तोंड उघडलं नाही.

घोषणा झाली. पिवळा फ्रॉक, वय सहा, हे नाव, जिथं कुठं असेल तिथून मंडपात आणावी. मग आरतीची कॅसेट पुन्हा सुरू झाली. दहा मिनिटं गेली. मी मंडपाच्या तोंडाशी उभा राहून दोन्ही बाजूंचा रस्ता पाहत होतो. कुणी आलं नाही. दोन माणसं मोबाईलमध्ये फोटो पाहून पाण्याच्या टाकीकडे शोधायला गेली. एकजण हळूच दुसऱ्याला म्हणाला, बाहेरगावचे लोक येतात या दिवसांत, गाड्या घेऊन. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही.

अम्माजी खुर्चीवरून म्हणाल्या, "भैया, पूरा नाम बुलवाओ. इस नाम की तो दस बच्चियाँ होंगी. किसकी है, कौन है, लोग कैसे समझेंगे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं त्यांच्या घरून आमच्याकडे कढी येत होती, आमच्याकडून त्यांच्याकडे पुरणपोळी जात होती. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला माहीत नव्हतं. मी कधी कळू दिलं नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मी त्या गृहस्थांच्या हातून माइक घेतला. माइक दातांवर आपटला आणि चारी भोंग्यांतून खट्ट असा आवाज झाला. मग मी सांगितलं. धाकटीचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव, आडनावासकट, घर नंबर, गल्ली. "बेटा, मैं पापा बोल रहा हूँ," असं हिंदीत सुरू केलं आणि मध्येच मराठीत गेलो. "बाबा बोलून राहिलो. जिथं हायेस तिथं सांग बाळा, मी अमक्याची मुलगी हाय. सांग. काही नाही होत." हे सगळं मी तीनदा म्हटलं. माझं आडनाव पिंपळापाशी लावलेल्या भोंग्यातून गेलं, शाळेच्या कोपऱ्यावरच्या भोंग्यातून गेलं, आणि थोडं उशिरानं पलीकडच्या घरांवर आपटून परत आलं.

माइक खाली ठेवला तेव्हा मी पहिल्यांदा अम्माजींकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. माइकवाले गृहस्थ कागदावर लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "अच्छा." एवढंच. त्या अच्छामध्ये काय होतं यावर मी नंतर कितीतरी वेळा विचार केला आहे. कदाचित काहीही नव्हतं.

पंधरा मिनिटांनी मोठी ओरडली. रस्त्याच्या टोकाकडून एक बाई येत होती, लाल साडीतलीच, आणि तिच्या हाताला पिवळा फ्रॉक. पाठची नाडी सुटून जमिनीवर लोळत होती.

मी पळालो नाही. त्या दोघी चालत माझ्यापर्यंत आल्या तेव्हा मी धाकटीला उचललं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. तिथं कुंकवाचा, तुपाचा आणि घामाचा वास होता. जीव भांड्यात पडला असं म्हणतात, माझा तर सांडलाच होता, तो गोळा करायला वेळ लागला.

बाई बिचारी अपराध्यासारखी सांगत होती. दीदींकडून आणलेल्या मुली जेवून तिच्या घरून निघाल्या तेव्हा ही एकटीच मागे राहिली. घर विचारलं, बोलली नाही. पप्पांचं नाव विचारलं, बोलली नाही. बिस्किट दिलं, रंगपेटी दिली, तरी नाही. एकटीला कशी सोडणार म्हणून बसवून ठेवलं, घरातलं हवन आटोपलं की मंडपात आणणारच होती. "पहली बार तो हवन में सुनाई नहीं दिया. फिर माइक पे आपका पूरा नाम आया तो मैंने पूछा, बेटा ये तेरे पापा हैं? इसने मना कर दिया. मैंने फिर पूछा. मना भी करती जाए और रोती भी जाए. तब मैं समझी." मग ती जरा थांबून म्हणाली, "भैया, बुरा मत मानना, इतना भी डरा के नहीं रखते बच्चों को."

मी हात जोडले.

तिनं आडनाव ऐकलं होतं. ऐकूनच आली होती, माझ्या मुलीचा हात धरून, अर्धा मोहल्ला चालत. हे मला कळत होतं. आणि तरीही मी तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी शोधत होतो.

मोठी धाकटीचा लोंबता पाय धरून रडत होती. फोन पुन्हा वाजू लागला, या वेळी मी तो उचलणार होतो. तेवढ्यात धाकटीनं माझ्या कानाला तोंड लावलं. तिला अख्खं मराठी वाक्य बोलायचा कंटाळा येतो, पण घरातली गुपितं ती मराठीतच बोलते.

"बाबा, मी नाही सांगितलं. किती बार विचारलं, तरी नाही सांगितलं."

"हो बाळा."

"तुम्हीच सांगून दिलं. माइकवर." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "काहून सांगितलं?"

तिनं मान वळवून मंडपातल्या माणसांकडे पाहिलं, अम्माजींकडे, त्या बाईकडे, आणि पुन्हा माझ्या कानाशी आली. दोन तास परक्या घरात बसून ती घाबरली नव्हती. आता तिचं सगळं अंग कापत होतं.

"सगळ्यांना ऐकू गेलं ना? आता हे लोक आपल्याला काय करतील?"

काही नाही करणार, असं म्हणायला मी तोंड उघडलं. समोर तीस-चाळीस माणसं उभी होती, आमच्याकडे पाहत, बरीचशी हसत, मुलगी सापडली म्हणून. मी एकेकाचं तोंड पाहू लागलो, आणि ती माझं तोंड पाहत होती.